एका सरळ फोटोसाठी

सेक्रेटरींच्या घरी सोफा यायचा होता, त्याच्या जागी कॅमेरा आला. आला म्हणजे काय, बैठकीच्या खोलीत मधोमध तीन पायांवर उभा राहिला आणि येता-जाता प्रत्येकाच्या नडगीला लागू लागला. हे कसं घडलं ते सांगताना सेक्रेटरी अजूनही मेव्हण्याचं नाव घेतात. मेव्हण्याला विचारलं तर तो म्हणतो, "भाऊजींचा स्वभाव, दुसरं काय!" आणि बायकोला विचारलं तर ती दोघांकडे एकेक बोट दाखवते आणि कुकर बंद करायला आत निघून जाते.

पोटासाठी ते एका टायर कंपनीच्या स्टोअरमध्ये होते, पण इमारतीच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद त्यांच्याकडे इतकी वर्षं होतं की पोस्टमनपासून सासूबाईंपर्यंत सगळे त्यांना सेक्रेटरीच म्हणत. पद मानाचं होतं. मान म्हणजे, पाणी गेलं की लोक रात्रीचं जेवण अर्धवट टाकून त्यांच्याच दारावर येत.

तर, गच्चीवरची टाकी बदलायची होती. टाकी बदलायला परवानगी लागते, परवानगीला अर्ज लागतो आणि अर्जाला इमारतीचा समोरून काढलेला फोटो लागतो. नेमका त्याच वेळी मेव्हणा नवा मोबाइल दाखवायला आला होता. त्या मोबाइलमध्ये 'वाइड' नावाचा प्रकार होता. "भाऊजी, आख्खी इमारत एका फोटोत घेतो, बघाच," असं म्हणत तो खाली गल्लीत गेला, समोरच्या लाँड्रीच्या पायरीला पाठ टेकून उभा राहिला, मोबाइल वर कलता केला आणि फोटो काढला.

आख्खी इमारत आली, यात वाद नाही. फाटकापासून टाकीपर्यंत सगळं आलं. फक्त इमारत मागे रेलली होती, भरपेट जेवून आरामखुर्चीत पडल्यासारखी, आणि वरचा मजला खालच्याच्या निम्मा झाला होता. "मस्त आलाय," मेव्हणा म्हणाला. सेक्रेटरींनाही तो बरा वाटला, कारण त्यात त्यांनी रंगवून घेतलेलं फाटक छान दिसत होतं. फोटो अर्जाला चिकटला आणि बांधकाम खात्यात गेला.

परवानगी आली नाही. नोटीस आली. 'सदर इमारत मागील बाजूस झुकली असल्याचे छायाचित्रावरून दिसून येते. सबब ती धोकादायक ठरवण्यात येत असून रहिवाशांनी महिनाअखेर ती रिकामी करावी.'

सेक्रेटरींनी नोटीस उभ्याने वाचली, मग बसून वाचली, मग चष्मा पुसून वाचली. मजकूर बदलला नाही. एरवी ते सरकारी कागदांना भीक घालत नसत, पण ही नोटीस त्यांना हसण्यावारी नेता येईना. या दोन खोल्या सोडल्या तर त्यांचं म्हणावं असं जगात काही नव्हतं. लग्नानंतर ते इथेच आले होते, आणि म्हातारपणीही इथेच खिडकीत बसून गल्लीतल्या लोकांना नावं ठेवायची, असं त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं.

ते खात्यातल्या इंजिनिअरसाहेबांकडे गेले. साहेब तरुण होते, पण टेबलामागे बसून बसून त्यांना एक वयस्क थकवा आला होता.

"साहेब, इमारत सरळ आहे हो. एकदा येऊन बघा."

"आता कसा येऊ? पाहणी नोटिशीच्या आधी असते. तुमची नोटीस निघाली."

"पण आधीही कोणी आलं नव्हतं!"

"आधी तुम्ही फोटो दिला होतात. मग यायचं कशाला?"

साहेबांच्या खिडकीतून सोसायटीच्या गच्चीवरची टाकी स्वच्छ दिसत होती. सेक्रेटरींनी ती बोटाने दाखवली. साहेबांनी ऊन लागतंय म्हणून पडदा ओढला.

"हे पाहा," साहेब समजुतीने म्हणाले, "फोटोवरून झुकली, ती फोटोवरूनच सरळ होईल. दुसरा फोटो आणा. समोरून, जमिनीपासून टाकीपर्यंत, एकाच फोटोत. दोन्ही कडा सरळ हव्यात. जोडलेला नको, कॉम्प्युटरवर सुधारलेला नको. मागे एकाने मोडकी भिंत कॉम्प्युटरवर बांधून दिली होती. तेव्हापासून नोटीस रद्द करायला फिल्मवरचा फोटोच चालतो, मूळ निगेटिव्हसकट."

घरी आल्यावर सेक्रेटरींनी हे बायकोला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. "त्यात काय एवढं?" ती म्हणाली. "गच्चीवरून दोरी सोडा, खाली बत्ता बांधा. दोरी भिंतीला धरून राहिली की इमारत सरळ."

"अगं, ते ऑफिस आहे, तुझं स्वयंपाकघर नाही! त्यांना फोटो हवाय."

"बरं बाई," ती म्हणाली. लग्नानंतर 'बरं बाई' या दोन शब्दांचा अर्थ सेक्रेटरींना हळूहळू कळला होता. पण तेव्हा ते घाईत होते.

बाजारामागच्या रस्त्यावर एक जुना स्टुडिओ होता. स्टुडिओवाले लोकांचे पासपोर्टचे फोटो काढून काढून इतके वैतागले होते की हसणाऱ्या गिऱ्हाइकावर वसकन ओरडत. सेक्रेटरींनी मोबाइलवरचा फोटो दाखवला आणि विचारलं, "ही सरळ कशी येईल?" स्टुडिओवाल्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. हा प्रश्न कोणीतरी विचारेल म्हणून त्यांनी आयुष्यभर दुकान उघडं ठेवलं होतं, असा त्यांचा चेहरा झाला.

"कॅमेरा वर कलता केला की इमारत मागे पडते," ते म्हणाले. "तो कलता करायचाच नाही. मोठा कॅमेरा घ्यायचा, व्ह्यू कॅमेरा. पुढे भिंग, मागे फिल्म, मध्ये हार्मोनियमसारखा भाता. फिल्मची पाठ भिंतीसारखी ताठ ठेवायची आणि नुसतं भिंग वर सरकवायचं. टाकीसुद्धा येते आणि कडाही सरळ राहतात."

सेक्रेटरींना हे एकदम पटलं. ताठ राहून वरचं मिळवायचं, हे त्यांचं सोसायटीतलं धोरणच होतं. आता फक्त निवड करायची होती, आणि आपल्याकडे निवड करायची म्हटलं की लोक जमतात.

पहिला प्रश्न, घडीचा लाकडी कॅमेरा घ्यायचा की दांड्यावरचा लोखंडी? स्टुडिओवाले म्हणाले, "घडीचा घ्या, हलका असतो." दांड्यावरच्याला जास्त स्क्रू होते. सेक्रेटरींनी दांड्यावरचा घेतला. ज्या वस्तूला स्क्रू जास्त ती भक्कम, हे त्यांना टायरच्या धंद्यात राहूनही कसं वाटलं, कोण जाणे. सोफ्यासाठी ठेवलेले पैसे त्यात गेले, आणि ही बातमी बायकोला सांगण्याचं काम त्यांनी मेव्हण्यावर सोपवलं.

दुसरा प्रश्न भिंगाचा. गल्ली अरुंद, मागे सरकायला जागा नाही, म्हणजे रुंद बघणारं भिंग हवं. स्टुडिओवाल्यांकडे दोन होती, एक पासष्टचं, एक नव्वदचं. नंबर जितका लहान तितकं जास्त दिसतं, असा उलटा कारभार. यावर सोसायटीच्या जिन्यात सभाच भरली.

"माझं ऐका, सगळ्यात रुंद तेच घ्या," वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले. "अरुंद तोंडात काम करणं काय असतं, ते मला विचारा."

"काहीही घ्या, पण आमची गॅलरी आली पाहिजे," त्याच मजल्यावर दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या टॉपच्या काकू म्हणाल्या. "मी सगळ्या कुंड्या गेरूने रंगवल्यात."

"भाऊजी, पासष्ट! वाइड म्हणजे वाइड!" मेव्हणा म्हणाला. त्याचा अधिकार काय होता, हे विचारण्याची वेळ निघून गेली होती.

स्टुडिओवाले मात्र नव्वदवर अडून बसले. "नुसतं रुंद असून भागत नाही हो. भिंग मागे चित्र टाकतं ते गोल टाकतं. फिल्म त्या गोलात पूर्ण मावली पाहिजे. पासष्टचा गोल लहान आहे. भिंग वर सरकवलंत की गोलही सरकणार आणि कोपरे बाहेर पडणार."

"गोल मला शिकवू नका," सेक्रेटरी म्हणाले. "मी टायरमध्ये आहे."

स्टुडिओवाल्यांनी मुकाट्याने पासष्टचं भिंग बांधून दिलं. शेवटी त्यांनी फिल्मची चपटी पेटी हातात ठेवली आणि तिच्यातली काळी पट्टी अर्धी ओढून दाखवली. "फोटो घेण्याआधी ही पट्टी ओढायची. फिल्मला उजेड मिळतो तो त्यामुळेच. विसरतात लोक."

"मी काय काल जन्मलो?" सेक्रेटरी म्हणाले.

घरी भिंग लावलं तर समोरचं काहीच स्पष्ट दिसेना. इतक्या रुंद भिंगाला फिल्मच्या अगदी जवळ जावं लागतं, आणि मधला भाता काही तितका दबेना. सगळ्या घड्या एकावर एक बसून तो ताठ झाला आणि भिंग वर सरकायचं नाव घेईना. स्टुडिओवाल्यांनी फोनवर सांगितलं की याला पिशवीसारखा मऊ भाता आणि भिंग बसवायला आत गेलेली खोलगट पाटी लागते, आणि त्यांच्याकडे दोन्ही नाही. फोन ठेवताना ते शीळ वाजवत होते, असा सेक्रेटरींना संशय आला.

शेवटी बायकोने जुन्या छत्रीचं काळं कापड दुहेरी करून शिलाई मशीनवर पिशवी शिवली. खोलगट पाटीसाठी स्टीलच्या डब्याचं झाकण गेलं. त्याला मधोमध भोक पाडून त्यात भिंग बसवलं. "डबा आता उघडाच राहणार," ती म्हणाली. "मुंग्या लागल्या तर सोसायटीच्या खर्चात टाका."

सुट्टीच्या सकाळी कॅमेरा गल्लीत उभा राहिला. सेक्रेटरी काळ्या कापडाखाली शिरले आणि मागच्या दुधी काचेवर त्यांना आपली इमारत दिसली. कडा सरळ, अगदी पट्टीने आखल्यासारख्या. त्यांना भरून आलं. चित्र उलटं होतं, टाकी खाली आणि फाटक वर, पण स्टुडिओवाल्यांनी तेही सांगून ठेवलं होतं. मग कापडाखाली डोकावायला रांग लागली. टॉपच्या काकू आत गेल्या त्या किंचाळूनच बाहेर आल्या. "अगंबाई, माझ्या कुंड्या लोंबकळतायत!"

काचेच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत सेक्रेटरींना थोडा काळोख दिसला होता. खाली म्हणजे जमीन, जमिनीवर सावली असायचीच, असं ते समजले. चित्र उलटं असल्यामुळे काचेची खालची बाजू म्हणजे इमारतीचा वरचा मजला, हा हिशेब त्यांच्या लक्षात आला नाही. त्यांनी अगदी आठवणीने काळी पट्टी ओढली आणि फोटो घेतला.

फोटो धुऊन आला. भिंती अशा सरळ की बघत राहावं. फक्त वरच्या दोन्ही कोपऱ्यांत इमारत नव्हती. तिथे नुसता गोलाकार काळोख होता, आणि त्या काळोखात एका बाजूला टॉपच्या काकू आणि दुसऱ्या बाजूला दातांचे डॉक्टर गडप झाले होते.

"आम्हाला काळं फासलंत!" काकू जिन्यातून ओरडल्या.

"मुद्दाम केलंय," डॉक्टर म्हणाले. "पार्किंगच्या वेळी मी त्यांच्या विरोधात मत दिलं होतं ना!" रुंद भिंगाचा सल्ला आपणच दिला होता, हे ते सोयीने विसरले.

तरी कडा सरळ आहेत म्हणून सेक्रेटरींनी छाती काढून तो फोटो खात्यात दिला. दोन दिवसांत दुसरी नोटीस आली. 'इमारतीचा झुकाव दिसून येत नाही. तथापि वरच्या मजल्याचे दोन्ही कोपरे आढळून येत नसल्याने तो भाग कोसळला असल्याची शक्यता आहे. मुदतीत बदल नाही.'

पासष्टचं भिंग परत घेताना स्टुडिओवाल्यांनी एक शब्दही टोमणा मारला नाही. ते फक्त एवढंच म्हणाले, "टायरमध्ये आहात ना तुम्ही?" आणि त्यांनी नव्वदचं काढून दिलं. ते चांगलं वाटीएवढं होतं. सोबत फिल्मचा एकच ताव मिळाला, कारण त्यांच्याकडे तेवढाच शिल्लक होता. सेक्रेटरींनी तो तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून घरी आणला.

नव्वदचं भिंग पासष्टइतकं रुंद बघत नव्हतं. इमारत पूर्ण घ्यायची तर आणखी मागे जायला हवं होतं, आणि मागे लाँड्री होती. "या की आत," लाँड्रीवाले म्हणाले, "पण कपड्यांना हात लावायचा नाही." लाँड्रीत हात न लावता फक्त छताला लटकता आलं असतं. कॅमेरा कसाबसा हँगरला टांगलेल्या दोन रांगांमध्ये बसला. कोणाच्या तरी शर्टाची बाही सारखी भिंगासमोर येत होती, ती मेव्हण्याने मागून एका हाताने धरून ठेवली.

मुदतीला एकच दिवस उरला होता. समोर सगळे रहिवासी ठेवणीतले कपडे घालून आपापल्या गॅलरीत उभे होते. काकू कुंड्यांपेक्षा जास्त रंगल्या होत्या. सगळं लावून झालं आणि लक्षात आलं की काळं कापड घरी राहिलं. आता कोण जाणार? हँगरला एका वकिलाचा काळा कोट होता. त्यांनी तोच डोक्यावर ओढला.

"अहो, इस्त्री केलीय त्याला!" लाँड्रीवाले ओरडले.

सेक्रेटरींनी काचेत पाहिलं. चारही कोपरे लख्ख होते. काकू उलट्या पण पूर्ण होत्या, डॉक्टरही पूर्ण होते. आणि इमारतीच्या उजव्या कडेने कसली तरी रेघ होती. कोटातून डोकं काढून पाहतात तर गच्चीवर त्यांची बायको! तिने कपडे वाळत घालायची दोरी कठड्यावरून खाली सोडली होती आणि टोकाला खलबत्त्यातला बत्ता बांधला होता.

"अगं, काढ ती दोरी! फोटो बिघडतोय!"

"राहू द्या हो, कोणाचं काय खाते ती?" ती वरून म्हणाली.

"सेक्रेटरी, ऊन डोळ्यात जातंय!" डॉक्टर ओरडले.

"कोट!" लाँड्रीवाले ओरडले, आणि त्यांनी कोटाची एक बाही धरून खेचायला सुरुवात केली. एकीकडून कोट, दुसरीकडून बायको, अशा अवस्थेत सेक्रेटरींनी फिल्मची पेटी आत सरकवली, "हलू नका!" म्हणून गर्जना केली आणि बटण दाबलं. गल्लीत टाळ्या वाजल्या.

संध्याकाळी स्टुडिओवाल्यांनी ओली फिल्म दिव्यासमोर धरली. ती खिडकीच्या काचेसारखी स्वच्छ होती. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"सेक्रेटरी," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "पट्टी ओढली होतीत ना?"

सेक्रेटरी पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर बसले. त्या स्टुलावर बसलेल्या माणसावर स्टुडिओवाले पहिल्यांदाच ओरडले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी सगळं खरं सांगितलं. बायकोने एक अक्षर सुनावलं नाही, त्यामुळे त्यांना जास्तच धास्ती वाटली. तिने चहा पुढे ठेवला आणि ती खोलीभर नजर फिरवत राहिली, कपाट, खिडकी, भिंतीवरचा ओलीचा डाग. सेक्रेटरींना त्या डागाबद्दलही माया वाटली.

"भाऊजी, मूड ठीक करा," मेव्हणा म्हणाला. "हे बघा, सकाळचा सीन मी मोबाइलवर घेतलाय. वाइडमध्ये!"

फोटोत डाव्या कोपऱ्यात वकिलाचा कोट डोक्यावर घेतलेले सेक्रेटरी पाठमोरे, वाकलेले होते आणि लाँड्रीवाले त्यांची बाही ओढत होते. समोर नेहमीसारखी मागे रेललेली इमारत आणि तिच्यात मागे रेललेले सगळे रहिवासी. सेक्रेटरींना तो मोबाइल खिडकीबाहेर फेकावासा वाटला. पण बायकोने तो आधीच काढून घेतला होता आणि ती दोन बोटांनी फोटो मोठा करत होती.

"ही दोरी बघा," ती म्हणाली.

"बघितली. तीही वाकडी आली."

"भिंतीइतकीच ना?"

"अगदी तितकीच. पण त्याने काय—" आणि सेक्रेटरी थांबले. दोरीच्या टोकाला लोखंडी बत्ता होता. तो काही हौस म्हणून मागे रेलणार नव्हता.

"तुला आधी सांगायला काय झालं होतं?" ते म्हणाले.

बायकोने शेंगांची टोपली त्यांच्यासमोर सरकवली. सेक्रेटरींनी निमूट चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी ते आणि मेव्हणा खात्यात गेले. इंजिनिअरसाहेबांनी फोटो बराच वेळ निरखला.

"हा कोटातला कोण?"

"मी."

"हं. दोरी वाकडी आहे."

"साहेब, खाली बत्ता बांधलाय. दोरी वाकडी कशी असेल?"

साहेबांनी फूटपट्टी काढली. भिंत मोजली, दोरी मोजली, पुन्हा भिंत मोजली. मग ते उठले, त्यांनी खिडकीचा पडदा थोडा बाजूला केला आणि सोसायटीच्या टाकीकडे चोरून एक नजर टाकली. परत येऊन त्यांनी लिहिलं, 'झुकाव इमारतीत नसून छायाचित्रात आहे. दोन्ही नोटिसा रद्द.' निगेटिव्हचा विषय त्यांनी काढला नाही, आणि सेक्रेटरींनीही काढला नाही.

फाटकाबाहेर आल्यावर सेक्रेटरींचे डोळे पाणावले होते. मेव्हण्याने आनंदाच्या भरात त्यांना तो कागद हातात धरून ऑफिससमोर उभं केलं, दोन पावलं मागे गेला, मोबाइल वर कलता केला आणि फोटो काढून सगळीकडे पाठवून दिला.

घर वाचलं, पण सेक्रेटरींची इभ्रत काही वाचली नाही. सोसायटीने सत्कार केला तो मेव्हण्याचा. त्याचा तो दोरीचा फोटो चौकट करून जिन्यात लावला गेला आणि येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा विचारू लागला, "हा कोट घेतलेला चोर कोण?" कॅमेरा सोफ्याच्या जागी उभाच होता. बायको त्याच्यावर ओले टॉवेल टाकू लागली होती.

मग एका दुपारी दारावरची घंटा वाजली. दारात इंजिनिअरसाहेब होते, घामाघूम, काखेत फाइल.

"सेक्रेटरीसाहेब," ते म्हणाले. हे 'साहेब' त्यांनी पहिल्यांदाच जोडलं होतं. "तुमच्या मेव्हण्याने आमच्या ऑफिसचा फोटो काढला होता ना? तो फिरत फिरत आमच्या वरच्या ऑफिसात गेला. इमारत मागे झुकलेली दिसते म्हणून त्यांनी आम्हाला नोटीस काढलीय. महिनाअखेर रिकामी करा म्हणतात."

"अरेरे," सेक्रेटरी म्हणाले. ते सावकाश उठले आणि त्यांनी कॅमेऱ्यावरचा टॉवेल काढला. "त्यांना येऊन बघायला सांगा ना."

"आता कसे येतील? नोटीस निघाली."

"मग दोरी सोडा."

"दोरी चालत नाही हो वर, त्यांना फोटोच लागतो. तो तुमचा मोठा कॅमेरा... अजून आहे ना?"

सेक्रेटरींनी चष्मा काढला, शर्टाने पुसला, पुन्हा चढवला. इतक्या दिवसांनी त्यांची मान ताठ झाली.

"आहे," ते म्हणाले. "समोरून घेऊ. जमिनीपासून वरपर्यंत, एकाच फोटोत. कडा सरळ, जोडलेला नाही, सुधारलेला नाही. बसा तुम्ही. सोफा नाही, तेव्हा त्या धान्याच्या डब्यावर बसा."

साहेब मुकाट्याने डब्यावर बसले. तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी झाली आणि तिच्यामागून बायकोचा आवाज आला.

"साहेबांना म्हणावं, काळजी करू नका. या वेळी पट्टी मी ओढीन."